वाढवलेल्या पायाचा व्हाइस

२४ ऑगस्ट, रवि.
इंदापूर. संपतच्या भंगारात ट्रॅक्टरच्या रिमांखाली एक पाय दिसला. ओढून काढायला तिघे लागले. लोहाराचा जुना व्हाइस, लोखंड पकडून धरायचा शिकंजा, जमिनीपर्यंत पाय असलेला. जबडे शाबूत, स्क्रू गच्च, जबडा उघडणारी कमान (स्प्रिंग) नाही. अंगभर शेंदूर.
संपत : "मॅडम, ह्येच्यात भाजी चिरणार का?"
मी : "नवऱ्याला धरून ठेवणार."
"मग मोठा पायजे हुता."
कुठून आला विचारलं. स्टँडमागच्या वेल्डिंगवाल्यानं दिला. बापाचं सामान, उगा जागा अडवतंय म्हणाला.
घरी अ.नं दार उघडलं, व्हाइस बघितला, दार पुन्हा लोटलं. नंतर उचलायला आला.

२६ ऑगस्ट, मंगळ.
शेंदूर खरवडला. थरावर थर, मध्ये कुठे कुठे हळद, एका जागी चिकटलेली फुलाची पाकळी. बरेच दसरे झाले असणार. तारेच्या ब्रशनं उरलेलं काढलं. खाली लोखंड चांगलं आहे. गंज वरवरचा.
स्क्रूवर डिझेल आणि जुनं इंजिन ऑइल. रोज थोडं.
अ.चं म्हणणं, भट्टीत तापव, सुटेल. तापवायचा नाही. का ते आटे बघितल्यावर लिहीन.

३० ऑगस्ट, शनि.
सुटला. स्क्रू ज्यात फिरतो तो आतला डबा बाहेर आला.
आटे कापलेले नाहीत. चौकोनी पट्टी गुंडाळून पितळेनं जोडलेली. म्हणजे जुना. तापवला असता तर पितळ वितळून पट्टी हातात आली असती. अ.ला दाखवलं. "बरं," म्हणाला.
ओतीव नाही, घडीव. व्हाइस खांबाला धरून ठेवणारा पट्टा पाचरीनं बसवलेला, हेही जुन्याचं लक्षण. नाव कुठेही नाही. डाव्या अंगाला एक आकडा, बहुधा वजनाचा, अर्धा पुसलेला. विलायती असावा. यापुढे ठामपणे काही सांगता येत नाही.
एक वेगळं : पाय नंतर वाढवलाय. वरचा भाग मूळचा, आठ पैलू. खाली वीतभर गोल लोखंड, भट्टीत तापवून ठोकून जोडलेलं. सांधा नीट बघितल्याशिवाय दिसत नाही. असा आजवर पाहिला नव्हता. पेपरातल्या पुढच्या सदराला विषय मिळाला. फोटो काढले.

५ सप्टें., शुक्र.
कमान करून घ्यायला सांगवी. तिथले तात्या लोहार. वय बरंच, कान तिखट, अजून स्वतः घण घालतात. कमानीसाठी जीपच्या स्प्रिंगचा जुना पाटा निवडला.
"व्हाइसची कमान? आता कोण वापरतंय बाई?"
"मी."
"तुमी काय करता त्यात?"
"जुने व्हाइस दुरुस्त करते."
"आन् मग?"
"मग ठेवते."
हसले. चहा मागवला. मग स्वतःच बोलत राहिले. त्यांच्या घरचा एक व्हाइस होता. वाटणीत ऐरण तात्यांकडे, व्हाइस धाकट्या बबनकडे इंदापूरला. वडिलांनी दोघांना शपथ घातली होती की यातलं काही विकायचं नाही, आणि खंडेनवमीला दोन्ही एका जागी आली पाहिजेत. बबन दर वर्षी टेम्पोत घालून सांगवीला आणायचा. ऐरणीशेजारी उभा करायचा, जबड्यात नारळ धरायचा, मग पूजा. गेल्या साली रिकाम्या हातानं आला. दुकान फोडून नेला म्हणाला.
"आमचा म्हातारा लई उंच. वाकून पाठ जायची. म्हून गाडीचा मोडका आस जोडला हुता पायाला. वीतभर."
मी कप खाली ठेवला.
"चोरीला गेला त्येचं काय न्हाय. चोर कुणाला चुकलाय. पर बबननं इकला असंल, तर भाऊ मेला म्हनायचं मला. एवढं एकच हाय, बाई."
बबनला मुलगा आहे का, काय करतो, विचारलं.
"वेल्डिंग. स्टँडच्या मागं."
कमान आठवड्यानं या म्हणाले. परत येताना वाटेत कुठे थांबले नाही.

७ सप्टें., रवि.
अ.ला सांगितलं. "गप्प बस. कमान माळेगावात करून घे." सोपं आहे. पाटा मात्र तात्यांनी तापवायला घेतला असणार.
दुसरं : शेंदूर मीच काढला. तो असता तर बघणाऱ्याला काही सांगायची गरज पडली नसती. आता ओळखायला सांधा तेवढा आहे. आणि तो मी घासून आणखी स्वच्छ केलाय.

८ सप्टें., सोम.
तात्यांना फोन. म्हणाले, "पयली कमान मोडली. पानी जास्त दिलं. दुसरी करतो."
मी : "तात्या, माझ्याकडच्या व्हाइसचा पाय वाढवलेला आहे. भंगारात मिळाला, इंदापुरात. कमान बसवायला तुम्हीच या आणि बघा."
फोनमध्ये मागे कुणाची तरी मोटार चालू होती.
"येतो."

१४ सप्टें., रवि.
तात्या आले. एसटीनं, पिशवीत कमान. पाणी घेतलं, चहा नको.
आधी कमान बसवली. दांडी फिरवून जबडा उघडला, मिटला. आता स्वतःहून उघडतो. मग खाली बसले. बोटं पायावरून खाली आणली, सांध्यावर थांबली. तिथेच राहिली. चष्मा काढून खिशात ठेवला. त्यांना बघायचं नव्हतंच.
"शेंदूर न्हवता ह्येच्यावर?"
"होता. मी खरवडला."
"बरं केलं."
मग : "भंगारवाल्याकडं कुनी घातला, ठाव हाय तुमाला?"
"हो. विचारलंत तर सांगेन."
दांडी एका बाजूला सरकवली, पुन्हा दुसऱ्या बाजूला. खट्. खट्.
"न्हाय इचारत."
उठले. धोतर झटकलं.
"आमचा न्हाय ह्यो. आमचा ह्येच्यापरास ठेंगणा हुता."
मी बरं म्हणाले. अ. माझ्याकडे बघत होता. ठेंगणा कसा असेल? पाय वाढवलेला.
स्टँडवर सोडलं. गाडी लागली होती तरी चढले नाहीत.
"बाई, एक इचारू? खंडेनवमीला एक दिस द्याल का? ऐरनीशेजारी मोकळं दिसतं."

१५ सप्टें., सोम.
सदर : व्हाइसवर लिहायचं ठरलं होतं. फोटोही डेस्कला पाठवले होते. रद्द केलं. पेपर इंदापुरात जातो. सुप्याच्या हरणांवरचं एक टिपण पडून होतं, ते दिलं. वेळेत. डेस्कवरच्या मुलीनं विचारलं, व्हाइसचं काय झालं? म्हटलं, ओळख अजून पटायची आहे.

१६ सप्टें., मंगळ.
अ. : "त्यांना नकोच असेल तर देतेस कशाला?"
त्यांना नको असं ते म्हणाले नाहीत. आमचा नाही, एवढंच म्हणाले.
द्यायचा तर कायमचा देता येईल. पण मग आमचा नाही हे वाक्य त्यांना मागे घ्यावं लागेल. ते मी करायला लावणार नाही.

२३ सप्टें., मंगळ.
काल घट बसले. व्हाइसला जवसाचं तेल लावलं, पातळ. रंग लावला नाही. जबड्यात जुन्या धोतराचा तुकडा धरून ठेवलाय, दमट हवेत एकमेकांना चिकटू नयेत म्हणून.

३० सप्टें., मंगळ.
उद्या खंडेनवमी. तात्या टेम्पो घेऊन आले. ड्रायव्हर, अ., मी, तिघांनी चढवला. तात्या पाय धरून होते, सांध्याच्या वर.
ड्रायव्हर : "तात्या, ह्यो तर बबनआबाचा वाटतोय."
"समदे लोखंडाचेच असत्यात. बांध नीट."
दोरी आवळून झाल्यावर मी विचारलं, बबनराव येणार का उद्या.
"फोन केला. सांगितलं, औंदा ऐरनीला जोडीला व्हाइस हाय."
"काय म्हणाले?"
"येतो म्हनला. पोराला बी आनतो म्हनला."
पुढे बसले. दार ओढलं, लागलं नाही, पुन्हा ओढलं. खिडकीतून :
"कुठला हाय, कुनाचा हाय, काय इचारलं न्हाय त्येनं."
टेम्पो गेला. परत कधी आणणार ते सांगायचं राहिलं त्यांचं. मीही फोन केलेला नाही.