फक्त थोरल्या भावाला नाही

मंगळवार, ३ मार्च

सहा वेळा वाचली ती ओळ. चष्मा पुसून परत एकदा. आहे ती आहेच!

आपला पडदावाचक प्रोग्राम सगळ्यांसाठी मोफत आणि खुला. ज्यांना दिसत नाही त्यांना तो पडद्यावरचं वाचून दाखवतो. पण त्यात सगळंच काही आम्ही लिहिलेलं नाही. बाहेरच्या लोकांनी लिहून जगाला देऊन टाकलेले एकसष्ट तुकडे आत जोडलेत. प्रत्येकासोबत त्याचा परवाना, म्हणजे कोणी कसं वापरायचं याचा कागद. यंदा नवं धोरण आलं - बाहेरचा प्रत्येक परवाना नव्याने वाचायचा, वीस तारखेच्या आत. हे काम कोणाच्या गळ्यात? फौजदारबाईंच्या. गटात मला हेच म्हणतात, आणि मला राग येत नाही.

आज अडतिसावा. आकडे आणि तारखा वाचणारा तुकडा. लेखकाचं नाव नाही, नुसती चार अक्षरं आणि एक ईमेल. वर नेहमीचा इंग्रजी मजकूर, आणि शेवटी एक ओळ चक्क आपल्या भाषेत -

'वरील परवानगी सर्वांना आहे. फक्त माझ्या थोरल्या भावाला नाही. फुकट दिलं तरी घेणार नाही, असं तो म्हणाला आहे.'

आधी खो खो हसले. मग हसू गेलं. खुला परवाना म्हणजे सगळ्यांना खुला, एकाही माणसाला वगळलं तर तो खुला नाही. आमच्या धोरणातलं पहिलंच कलम! आणि हे नऊ वर्षं आत बसलंय!


बुधवार, ४ मार्च

मास्तरांना फोन केला. हा प्रकल्प त्यांनी सुरू केला, निवृत्त झाल्यावर. ते दक्षिणेकडचे, आमचं बोलणं इंग्रजीतून. ओळीचा अर्थ सांगितला तर म्हणाले, "अहो, आम्हाला ती लिपी येत नाही. आम्हाला वाटलं आभारबिभार मानले असतील!"

कपाळ माझं.

ठरलं असं - लेखकाला लिहायचं, ओळ काढा म्हणून. वीस तारखेला सकाळी दहापर्यंत ओळ गेली नाही तर तुकडा बाहेर. मग प्रोग्राम पाचशेच्या गोळीला 'पाच शून्य शून्य' म्हणणार. औषधाची चिठ्ठी ऐकणाऱ्या माणसाने काय समजायचं? हजारो लोक आहेत असे. आमच्या घरातच एक आहेत, सासूबाई. चार वर्षांपूर्वी त्यांची नजर पार गेली.


गुरुवार, ५ मार्च

भाजी चिरता चिरता सुरी हातातच राहिली.

'फुकट दिलंस तरी घेणार नाही.' हे वाक्य मी ऐकलंय! याच स्वयंपाकघरात, याच ओट्याशी उभी राहून!

अकरा वर्षं झाली. धाकट्या दिराने चांगली कायमची नोकरी सोडली. म्हणाला, मी असे प्रोग्राम लिहून लोकांना मोकळे देणार. नवरा भडकला. घरात चार पाहुणे बसलेले, त्यांच्या देखत - "कोण घेणार तुझं हे? मी तर फुकट दिलंस तरी घेणार नाही!" धाकटा उठला. पाणी प्यायला, भांडं विसळून पालथं घातलं आणि बॅग घेऊन गेला. नंबर बदलला. पत्ता नाही. सासूबाई वर्षभर बेल वाजली की उठायच्या.

आणि त्याचं काम इतके दिवस माझ्या हाताखालून जातंय! रोज! सासूबाईंना पेपर वाचून दाखवतोय तो!

नवऱ्याला अजून सांगितलं नाही.


शुक्रवार, ६ मार्च

नाही सांगितलं. माझ्या पोटात काही राहत नाही हे जगजाहीर आहे, तरी नाही.


रविवार, ८ मार्च

नीट लिहिते.

सकाळी सहज मनात आलं, नऊ वर्षांपूर्वी हा तुकडा आत घेताना परवाना तपासला कोणी? मी तेव्हा या कामावर नव्हते. जुना तक्ता उघडला. अडतिसावी ओळ. 'परवाना वाचला, हरकत नाही.' पुढे नाव -

माझ्या नवऱ्याचं!

ज्याला फोनचा गजर लावायलासुद्धा मी लागते, त्याचं! तेव्हा तो प्रोग्राम वापरून बघून चुका कळवायचा, हे खरं. चष्म्याचं दुकान त्याचं. ज्यांचं चष्म्याने भागत नाही अशा गिऱ्हाइकांना तो हा प्रोग्राम घालून द्यायचा. पण हे?

तडक दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं. तो एक भिंग पुसत बसला होता.

"ती ओळ वाचली होतीस?"

कुठली, असं विचारलंसुद्धा नाही त्याने. "वाचली होती."

"मग?"

"मग काय. घेतलं."

भिंग पुसतच राहिला. मग हळूहळू बाहेर आलं. दर महिन्या-दोन महिन्यांनी धाकट्याच्या तुकड्याची नवी आवृत्ती येते. "आली की कळतं, ठीक आहे तो." बस, एवढ्यासाठी! आणि पुढे ऐका - तो त्याला लिहितोसुद्धा! खोट्या नावाने! 'एक वृद्ध वापरकर्ता' म्हणून चुका कळवतो. त्रेचाळीस पत्रं! मी तिथेच उघडायला लावली. 'नऊ जून एकोणीसशे अठ्ठेचाळीस ही तारीख चुकीची वाचली जाते, कृपया पाहावे.' असलीच सगळी. आणि प्रत्येकाखाली उत्तर - 'दुरुस्त केलं. धन्यवाद काका.'

काका! सख्ख्या भावाला!

हसू की रडू कळेना. म्हणून ओरडले. "आई तिकडे झुरतायत आणि तू काका होऊन बसलास? एक शब्द नाही सांगितलास? मला नाही, त्यांना नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही त्याला लिहिलं असतं. आणि तो पुन्हा गेला असता."

घरी आले.


मंगळवार, १० मार्च

पत्र लिहायला बसले. सगळ्यांना जातं तेच छापील पत्र - अमुक ओळीमुळे आपला परवाना धोरणात बसत नाही, तरी ती काढावी, मुदत वीस तारीख. तीनदा खाली 'वहिनी' लिहिलं, तीनदा खोडलं.

नवरा मागे उभा. "आपलं नाव घालू नकोस. त्याने चिडून नव्या आवृत्त्या बंद केल्या तर मला कळणार कसं?"

अकरा वर्षांत या माणसाला असा काकुळतीला आलेला पाहिला नव्हता. 'परवाना तपासणी' एवढंच खाली लिहिलं आणि पाठवलं.


शुक्रवार, १३ मार्च

उत्तर नाही.


रविवार, १५ मार्च

उत्तर नाही. तुकडा काढला तर काय होतं ते बघायला हवं होतं, म्हणून सासूबाईंच्या यंत्रात तो बंद करून पेपर लावला. 'तापमान तीन आठ अंश. सन एक नऊ नऊ दोन मध्ये -'

सासूबाईंनी हात वर केला. "हा आज असा बोबडा का बोलतोय गं? कालचा बरा होता. कालच्यालाच बोलाव."

नवरा ताटावरून उठला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. मला मेलीला हीच परीक्षा घ्यायची होती!


बुधवार, १८ मार्च

मास्तरांचा फोन. त्यांना मी सगळं सांगून टाकलंय. म्हणाले, "घरचंच आहे तर करू या का थोडी डोळेझाक? ती ओळ वाचता येतेय कोणाला?"

मला येते! गेल्याच महिन्यात एका कॉलेजच्या मुलीचं चांगलं काम मी परत पाठवलं, परवान्याचा कागद नव्हता म्हणून. रडली होती ती फोनवर. आता दीर निघाला म्हणून मी ओळ पदराआड लपवू? मी नाही म्हणाले. ठेवला फोन, आणि मग मीच रडले.


गुरुवार, १९ मार्च

नाही. उत्तर नाहीच. उद्या दहाला तुकडा काढायचा. नवरा जेवला नाही.


शुक्रवार, २० मार्च

नऊ चाळीसला नवी आवृत्ती आली!

नवऱ्याने माझ्या हातातून माऊस घेतला. परवाना उघडला. वरचा इंग्रजी मजकूर तसाच. खाली - काही नाही. ओळ गेली! पत्र दोन शब्दांचं, 'ओळ काढली.' बाकी ख्याली ना खुशाली.

तुकडा राहिला. हजारो लोकांचे आकडे राहिले. मास्तर आनंदाने ओरडले फोनवर. नवरा मात्र पडद्याकडे बघत बसला. "रागावला असेल का गं?" दिवसभरात सात वेळा विचारलं.


शनिवार, २१ मार्च

'एक वृद्ध वापरकर्ता' यांना पत्र आलंय. जसंच्या तसं उतरवते.

'काका, ती ओळ काढावी लागली, नियम आहे म्हणे. तेव्हा आता तुम्हालाही परवानगी आहे. चूक दाखवायला कोणी आपल्या आईची जन्मतारीख देतं का रे दादा? पहिल्याच पत्रात ओळखलं होतं तुला. नंतरच्या पत्रांतही सगळ्या आपल्या घरच्याच तारखा. दुसऱ्या आल्या असत्या तर मी इतक्या लगेच दुरुस्त केल्या नसत्या. आता एक तारीख माझ्याकडून. नीट वाचली जाते का, आईला ऐकवून बघ - रविवार, बावीस मार्च, सकाळी अकरा.'

नऊ जून! मी सून, मी फौजदार, आणि माझ्या डोळ्यांसमोरून गेली ती तारीख!

मीच ती तारीख यंत्रावर लावली. सासूबाईंनी पूर्ण ऐकली.

"नीट वाचली," म्हणाल्या. "उद्या कोण येतंय?"