कमळने न घेतलेलं नाव

अलिबाग, ४ फेब्रुवारी १९३१

अपिलाचं काम यांनी घेतलं! पेणकडच्या मिठागरावरचा मुकादम, दयाराम. कमळ नावाच्या मजुरणीवर जबरदस्ती केली म्हणून सेशन कोर्टात शिक्षा झालेला. आता वरच्या कोर्टात म्हणायचं — पुरावा अपुरा! जेवताना स्वारी भलतीच खुशीत. "पहिल्या दिवशी बाईने नावच सांगितलं नाही. पाटलाने लिहिलंय, विचारता नाव सांगत नाही. संपला खटला!" आणि वर आणखी तूप मागितलं.

६ फेब्रुवारी

यांचा कारकून सदा पेणचाच. त्याने खरं काय ते सांगितलं. कमळच्या नवऱ्याचं नावही दयाराम! पाटलाला ती बिचारी म्हणाली होती, "माझे घोवाचा नाव, ताच त्याचा हाय. मी कसा घेव?" पाटील महाशहाणा. एवढं लिहायला शाई पुरली नाही त्याची. सेशनात तिने मुकादमाकडे बोट दाखवलं, जज्जाला पटलं. पण अपिलात नुसते कागद वाचतात. कागदावर तिचं बोट कुठून उमटणार?

रात्री यांना म्हटलं, "मी तरी तुमचं नाव कधी घेतलंय का?"

"उखाण्यात घेतलंस की!" हसले. मग म्हणतात, "मला ठाऊक आहे गं. वरच्या साहेबाला ठाऊक नाही, एवढंच."

काय ही विद्वत्ता! इतकी चीड आली की दिवाच मालवला.

१९ मार्च

वरच्या कोर्टाचा हुकूम आला — बाईला अलिबागेस पुन्हा बोलवा, नाव तिच्याच तोंडून घ्या, आधी का सांगितलं नाही तेही विचारा. हे नाचायचेच काय ते बाकी होते. "मरेल, पण नाव घेणार नाही!"

तेवढं मात्र खरं. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य तुटतं, हे आम्हीही लहानपणापासून ऐकत आलोय. म्हणजे मुकादम सुटणार, त्याच मिठागरावर परत येणार, आणि कमळने त्याच्याच हाताखाली मीठ ओढायचं. भीती वाटते मला त्या पोरीची.

२ एप्रिल

मुकादमाच्या भावाने आंब्यांची करंडी आणली. सगळी कामाच्या मनुबाईला देऊन टाकली. यांना सांगितलं, नासके निघाले.

११ एप्रिल

सदा धावत सांगायला आला. कमळच्या नवऱ्याने नाव टाकलं! सगळ्या मिठागराला गोळा करून देवीपुढे नारळ फोडला — "आजपासून मी कोंडाजी. दयाराम म्हनाल तं मी ओ देनार न्हाय!"

यांना ऐकवलं. "पोरकटपणा! कायद्यात बसत नाही," म्हणाले. चहा मात्र तसाच निवला. बायकोसाठी या गावातला एक वकील तरी नुसती पगडी बदलेल का?

२० एप्रिल

घरात शिरताच यांनी कोट भिरकावला. सदाने सगळं सांगितलं. कोर्टाने आधी विचारलं — नवऱ्याचं नाव काय? कोंडाजी हे नवं नावही कमळच्या तोंडून निघेना. पुन्हा विचारलं. पदर तोंडाशी, मान खाली. जज्ज तिच्याकडे बघतच राहिले. मग विचारलं, जबरदस्ती कोणी केली?

"दयारामनी!"

बाहेरच्या व्हरांड्यापर्यंत ऐकू गेलं म्हणे.