डाव्या चाकाची गुणगुण

सोमवार, १२ जानेवारी

उणे चोवीस. सकाळची फेरी आटोपून साइया शाळेची टॅक्सी घेऊन थेट गॅरेजात आली. पाच पोरं शाळेत सोडून आलेली. "बाबा, पुढून डावीकडनं गुणगुण येतेय. बर्फासाठीच्या खिळ्यांच्या टायरचीच असेल, पण तू एकदा हात लाव ना."

हात लाव म्हणे! पोरीला काय माहीत.

गाडी लिफ्टवर घेतली. चाक वर-खाली धरून हलवलं, मग डाव्या-उजव्या बाजूंनी धरून. मग माझी जुनी पद्धत – एका हाताने चाक फिरवायचं आणि दुसऱ्या हाताची बोटं स्प्रिंगवर नुसती टेकवायची. बेअरिंग गेलेलं असेल तर बोटांना खरखर लागते. कानाला कळायच्या कितीतरी आधी बोटांना कळतं. पस्तीस वर्षं याच्यावरच नाव कमावलं मी.

खरखर लागली नाही. गुळगुळीतही लागलं नाही. काहीच लागलं नाही! म्हणालो, "ठणठणीत आहे. टायरच ते." ती गाडी घेऊन गेली.

मंगळवार, १३ जानेवारी

घास उतरेना. बायको, हिल्क्का, म्हणाली, "माशाचं सूप बिघडलं का?" वाटी सरकवून उठलो.

बुधवार, १४ जानेवारी

इथे तरी खरं लिहितो. नट सोडायच्या हवेच्या गनने माझी बोटं खाल्ली. जन्मभर तिचे हादरे खाल्ले, आता थंडीत बोटं खडूसारखी पांढरी पडतात. आधी मुंग्या यायच्या. सप्टेंबरपासून त्याही येत नाहीत. दोन-दोन पेरं मेलीत. डॉक्टर एकच सांगणार – गॅरेज बंद करा. मग मी दिवसभर करू काय? खिडकीत बसून खारी मोजू? बायकोलाही सांगितलेलं नाही. कुणालाच नाही.

साइयाच्या रस्त्यावर समोरून लाकडाचे ट्रक येतात. मागे पाच पोरं. त्यात चाक निखळलं तर – नाही, पुढे लिहवत नाही.

गुरुवार, १५ जानेवारी

साइयाचा फोन. रविवारी कॉफीला येते म्हणाली. आणि बोलता बोलता – "सकाळी ऐंशीच्या वर स्टिअरिंग थरथरत होतं. चाकात बर्फ बसला असेल. लाथा घालते आता."

आमच्याकडे हिवाळ्यात काही हललं की बर्फ, आणि काही वाजलं की खिळे! याच भरवशावर अर्ध्या गावाने बेअरिंगची आणि स्टिअरिंगची वाट लावलीय. मी किती जणांना झापलंय यावरून! आणि आज मी काय म्हणालो? "हो हो, बर्फच असेल."

भेकड. दुसरा शब्द नाही.

शनिवार, १७ जानेवारी

सॉना तापवला होता. दगडांवर पाणी टाकताना हात भट्टीला टेकला आणि मला पत्ता नाही. वास हिल्क्काला आला. "ताइस्तो! कातडं जळतंय तुझं!" तिने माझा हात ओढून घेतला, उलटसुलट करून पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. तेव्हाच सांगून टाकायचं ना! तोंड उघडलं आणि म्हणालो, "पाणी अजून घालू का?"

उद्या काहीही होवो, सोमवारच्या फेरीआधी ती गाडी पुन्हा बघणार.

रविवार, १८ जानेवारी

साइया आली. दोघी कॉफी ओतत होत्या. मी म्हणालो, गाडीची चाकं जरा धुवून आणतो. माझा आवाज मलाच खोटा वाटला. किल्ली उचलून गॅरेजात.

डाव्या चाकाच्या आत खरंच बर्फ होता, थाळीएवढा. तो फोडला. चाक फिरवलं. बोटं स्प्रिंगवर – मुकी. मग सुचलं ते केलं. लांब स्क्रूड्रायव्हर, टोक बेअरिंगच्या घरावर, मूठ दातांत. दात तर मेले नाहीत ना माझे! फिरवलं. लोण्यासारखं फिरलं. जीव भांड्यात पडला, असा की खाली फरशीवरच बसलो.

मग वाटलं, नव्वद हजार किलोमीटर झालेलं बेअरिंग इतकं मऊ? चाक काढलं. घासून पुसलं. बेअरिंग कोरं करकरीत. स्टिअरिंगच्या दांड्याचा सांधाही नवा, त्याचं रबर अजून काळं कुळकुळीत. नट आवळला की मी त्यावर पिवळ्या रंगाची रेघ मारतो. इथे रेघ लाल. चर्चपलीकडच्या गॅरेजवाल्या रेइयोची.

तसाच घरात गेलो, हात काळे, बूटसुद्धा न काढता. "कधी केलंस हे?"

साइयाने कप खाली ठेवला. "बुधवारी."

"म्हणजे बेअरिंग गेलं होतं."

"हो. सांधाही ढिला झाला होता. रेइयो म्हणाला, अजून आठवडाही चालवता आली नसती."

"आणि मी ठणठणीत म्हणालो."

काळे हात पँटला पुसले.

"किती दिवस जातेस त्याच्याकडे?"

"दोन वर्षं, बाबा. तू बघितलीस की मग त्याच्याकडे. आतापर्यंत काही निघालं नव्हतं." तिचे डोळे भरले. "तू कप उचलतोस तेव्हा आधी बोटांकडे बघतोस. धरलाय की नाही ते."

"मग माझ्याकडे आणायचीसच कशाला!"

"नाही आणली असती तर मला कळलंय हे तुला कळलं नसतं का?"

हिल्क्का म्हणाली, "बूट काढ आणि बस." बसलो. रडलो. त्या दोघींसमोर, एकसष्टाव्या वर्षी. आणि खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. पोरं सुखरूप आहेत. माझी पोर सुखरूप आहे. खूप वर्षांनी तिने माझा हात धरला. तिने धरलाय हे मला बघूनच कळलं.

सोमवार, १९ जानेवारी

सकाळी उठून मोजल्या. सप्टेंबरपासून माझ्या या हातांनी ठणठणीत म्हणून सोडलेल्या गाड्या एकोणतीस. साइयाची सोडली तर त्यांतली एकही नंतर रेइयोकडे गेलेली नसणार.

यादीतल्या पहिल्या गाडीच्या मालकाला फोन लावलाय. वाजतोय. कुणी उचलत नाही.