पाटलाच्या बैलावरचा आळ

दहिवडी, ता. माण
रविवार, ११ ऑक्टोबर १९९८

चि. अक्षता हिस,

आबांचा सप्रेम जय भीम. प्रशांतरावांनाही सांग. धाकट्या प्रियंकाचा माझ्या वतीने एक पापा घे.

इकडे सगळे ठीक आहे. बाजरी काढून झाली. शेळीला दोन करडे झाली, त्यातले एक दिवसभर माझ्या धोतराचा सोगा चघळत असते. तुझ्या आईचे गुडघे दुखतात, पण तोंड शाबूत आहे, तेव्हा काळजी नसावी.

प्रियंकाच्या नामकरणाचा फोटो परवा पोचला. पिवळे झबले छान दिसते. फोटोबद्दल पुढे लिहितो.

काल दुपारी एसटीडीवरून फोन केला आणि सांगलीत ऊन किती आहे एवढेच विचारले. तू हसलीस, "आबा, एवढंच इचारायला फोन केला व्हय?" एवढेच विचारायला नव्हता केला, पोरी. बूथमध्ये माझ्यामागे दोघे उभे होते. पण ते नसते तरी माझे तोंड उघडले नसते.

तुला माहीत आहे, तीस वर्षे मी सायकलवरून टपाल वाटले. गावोगावच्या बाया दारात थांबायच्या, मुंबईला गेलेल्या नवऱ्याचे पत्र मीच वाचून दाखवायचो. कुणाला कामावरून काढले, कुणी आजारी पडला, कुणी दुसरी बाई ठेवली, असल्या ओळी मी गाळायचो. "सुखरूप हाय, पैसं धाडतो" एवढे मोठ्याने वाचायचो. बाई खुश, मी चहा पिऊन पुढे. मला वाटायचे आपण फार दयाळू आहोत. ही खोड अंगात मुरली, अक्षता.

आता राजरत्नाविषयी, तुझ्या पहिल्या लेकराविषयी लिहितो. तो गेल्यापासून तीन वर्षांत त्याचे नाव या घरात कुणी घेतलेले नाही, तरी लिहितो.

मुंबईच्या त्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आपल्या सगळ्यांना समोर बसवले होते. लेकराच्या डोळ्यातली ही गाठ कधीकधी घराण्यातून रक्तावाटे उतरते, म्हणाल्या. आता रक्तातला तो दोष हुडकायची नवी तपासणी निघाली आहे. घराण्यात आणखी कुणाला झाले असेल तर त्याचे आणि राजरत्नाचे रक्त पाठवू. दोष सापडला तर पुढचे बाळ जन्मले की त्याच्या रक्तावरून कळेल, आणि डोळा बिघडायच्या आत उपाय करता येईल. मग त्यांनी माझ्या काळ्या चष्म्याकडे पाहून विचारले, "आजोबा, तुमच्या डोळ्याला काय झालं?"

"बैलाचं शिंग लागलं," मी म्हणालो. "पाटलाचा बैल लय मारका व्हता."

त्यांनी कागदावर रेघ मारली. मग पुढच्या लेकराची फार चिंता नको, म्हणाल्या.

पोरी, पाटलाच्या बैलाने मला कधी हुंगलेसुद्धा नव्हते.

मी दोन वर्षांचा असताना माझ्या डोळ्यात पांढरे दिसायला लागले. माझ्या आईने मला पाठीशी बांधून मिरजेला नेले. तिथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरसाहेबाने आत गाठ आहे म्हणून डोळाच काढला. मी जगलो. पण अशा रोगाच्या पोराला मुलगी कोण देणार? म्हणून आईने बैलावर आळ घातला. लग्न ठरताना तिने मला हे सांगितले आणि गळ्याची शपथ घातली. तेव्हापासून मी बैलाची गोष्ट इतक्या वेळा सांगितली, की शिंग कुठून आले आणि मी कसा पडलो हेही सांगायला लागलो. राजरत्न इकडे आला की रोज ऐकायचा. "आबा, बैल!" म्हणायचा आणि एका हाताने डोळा झाकायचा.

त्या दिवशी मी विसरलो नव्हतो. मला आठवत होते. तुझे सासरचे लोक बसले होते, माझ्याच रक्ताने तुमचे लेकरू चालले आहे हे त्यांच्यासमोर म्हणवले नाही. तो तर जाणारच आहे, आता सांगून काय, असे मनाशी म्हणालो. पुढचे बाळ डोळ्यासमोर आलेच नाही.

आज दुपारी तुझ्या आईला सांगितले. तिच्या हातातली भाकरी तशीच राहिली. "तेहतीस वर्सं माज्या ताटात जेवला तुमी," एवढेच म्हणाली. मग परातीत हात घालून बसून राहिली. मीही तिच्यासमोर बसलो.

आता फोटो. कॅमेऱ्याचा प्रकाश पडला तेव्हा बाळ सरळ समोर बघत होते. उजवा डोळा काळाभोर आहे. डावा बघ. मधोमध पांढरे दिसते, मांजराच्या डोळ्यासारखे. मी चष्मा पुसून पाहिले, उन्हात नेऊन पाहिले. तो नुसता कागदावरचा डाग असावा म्हणून बोटाने खरवडलेसुद्धा. गेला नाही.

माझे चुकत असेल. एका डोळ्याच्या माणसाचे बघणे ते. चुकू दे.

माझ्याजवळ उपाय काही नाही. फक्त ते रक्त आहे, जे तेव्हा द्यायचे होते. अजून उपयोगाचे आहे की नाही, मला माहीत नाही. अंगात आहे तेवढे घ्या म्हणावे.

हे पत्र मी पेटीत टाकणार नाही. उद्या पहिल्या एसटीने सांगलीला येतो आणि तुझ्या हातात देतो. तू वाचेपर्यंत अंगणात थांबेन. सावकाश वाच, यात एकही ओळ मी गाळलेली नाही. वाचून झाले की बाळाला घेऊन बाहेर ये, उद्याच मुंबईची गाडी धरू. माझ्याशी बोलू नकोस, चालेल. बाळाला माझ्याकडे दिले नाहीस तरी चालेल. मी मागच्या बाकावर बसेन.

फक्त दार लावून घेऊ नकोस.

तुझ्या अंगणात उभा,
आबा