सुमाचं ‘येते’

गुरुवार, संध्याकाळ

बायकोला किती दिवस मनातल्या मनात नावं ठेवली! दुकानदारांचे कॉम्प्युटर सांभाळणं हा आम्हा दोघांचा धंदा. पण काही बिघडलेलं नसतानाही सुमा दुर्गदबैलाच्या बाजारात चक्कर मारून, गप्पा ठोकून येते. फुकटचा वेळ घालवते, असंच वाटायचं मला.

आज तिच्याबरोबर धान्यवाल्या अण्णांकडे गेलो. “बर्री, बर्री अक्का,” असं कानडीत ‘या, या’ करत त्यांनी आधी तिलाच खुर्ची दिली. मग म्हणाले, “अमरगोळला नवा गाळा घेतलाय. तिथले कॉम्प्युटरपण तुम्हीच बघायचे, वर्षभर.”

माझ्या तोंडून निघून गेलं, “दुसरं कुणी स्वस्तात करेल की, अण्णा.”

“करेल की. पण ते बिघडल्यावर येणार. अक्का सगळं चांगलं चाललेलं असताना येते. काय बिघडणार ते तिला आधीच दिसतं.”

आणि यंदा नफा वाढला तो माझ्या हुशारीमुळं, असं मी समजत होतो. काय म्हणावं मला?

दुकानातून निघताना मी नेहमीसारखं “झालं” म्हणून बॅग उचलली. सुमा म्हणाली, “येते, अण्णा.”

सगळेच म्हणतात तसं. पण ही खरंच येते.