मार्गदर्शकाचा शेरा

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. पिशवीतून अजून बटणं निघतायत. एक तर काल मैत्रिणीच्या चपलेत सापडलं.

आपल्या दुकानातल्या आठ आठवड्यांच्या कामाचं सादरीकरण परवा झालं. आमच्या डिग्रीचं चक्र तुला पाठच आहे, दर वर्षी चार महिने वर्ग आणि मग कुठेतरी प्रत्यक्ष काम, अशी तीन वर्षं. पण शर्टच्या कारखान्यात काम केलं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं, यावेळी सगळा वर्ग कान देऊन ऐकत होता. बटणं किमतीप्रमाणे न लावता आकार आणि भोकांप्रमाणे लावली, की नमुना घेऊन आलेल्या टेलरला दोन मिनिटांत जोड मिळते, हे ऐकून सर खूश झाले. हे सुचलं कसं, असंही विचारलं. मी आपली हसले.

आता तेवढा तुझा फॉर्म. आईवडिलांची सही चालत नाही, म्हणून तर तुला मार्गदर्शक केलं. गुण आणि शेरा लिहून, पाकीट बंद करून थेट कॉलेजला धाड. वीस तारखेपर्यंत नाही आला तर माझं वर्ष बाद.

बाबांना नमस्कार. लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझी,
गुंडी


९ मार्च

चि. गुंडीस,
अ. आ.

तुझं पत्र बाबांनी तीनदा वाचलं आणि चौथ्यांदा टेलरमास्तरांना वाचून दाखवलं. मास्तर बिचारे कोटाची सहा बटणं घ्यायला आले होते. धाकटीने दुकानाला वळण लावलं, असं बाबा त्यांना सांगत होते. मी तिथेच शिडीवर उभी होते.

सहा वर्षं मी बाबांच्या कानीकपाळी ओरडतेय, की भोकांप्रमाणे लावू या. दर वेळी एकच उत्तर, आजोबांनी लावलंय ते बरोबर आहे. तू आलीस, दोन रंगीत तक्ते भिंतीला चिकटवलेस, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा स्वतः खण उपसायला बसले. चढउतार करून साडेचारशे खण लावले मात्र मी. आणि सरांनी विचारलं तेव्हा तू आपली हसलीस. छान हसतेस, लहानपणापासून.

खरं सांगते, माझा जळफळाट होतो. तुझ्या त्या गळ्यातल्या ओळखपत्राचासुद्धा हेवा वाटतो मला. तू बारावी झालीस तेव्हा बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन होऊन गेलं होतं. मी झाले तेव्हा ते व्हायचं होतं, आणि दुकानात कुणाचे तरी डोळे हवे होते. आपल्या दोघींत फरक तो एवढाच.

फॉर्म पाहिला. भरीन सवडीने.

लोभ वाढवायचं सध्या नाव काढू नकोस, आहे तो टिकव.

ताई


१८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फॉर्म अजून आलेला नाही. ऑफिसातल्या बाई आता मला दारात पाहिलं की आधीच मान हलवतात.

तुझं पत्र वाचून दोन दिवस तुझ्यावर चिडले, मग स्वतःवर. काल सरांकडे जाऊन सांगून टाकलं, की कल्पना माझ्या बहिणीची होती. ते म्हणाले, मग सादरीकरणाचे निम्मे गुण कापावे लागतील, आता सगळं मार्गदर्शकाच्या फॉर्मवर. म्हणजे तुझ्यावर.

हेव्याचं म्हणशील तर माझंही ऐक. शर्टच्या कारखान्यात पहिल्याच आठवड्यात साहेबांनी दोन बटणं पुढे केली आणि यातलं शिंपल्याचं कुठलं ते विचारलं. बटणवाल्याची मुलगी, आणि मला सांगता आलं नाही. तू नुसतं ओठाला लावतेस आणि गार लागलं की सांगतेस. आपल्या दुकानात तरी काय, मास्तर आत शिरले की मोठी कुठाय, हेच विचारतात. आठ आठवड्यांत एकालाही माझा सल्ला लागला नाही. पोटात माझ्याही दुखतं गं.

वाईट लिही हवं तर, पण पाठव.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागते.

गुंडी


२१ मार्च

चि. गुंडीस,
अ. आ.

फॉर्म पोचला. टपालाचा भरवसा नव्हता, म्हणून काल सकाळच्या बसने मीच आले.

इतके दिवस तो काळ्या चारभोकी बटणांच्या खणात होता. विसरले असं म्हणणार नाही, मुद्दाम दडवला होता. आधी रागाने ठेवला. मग राग ओसरला तरी भरवेना, कारण पहिलाच रकाना मार्गदर्शकाच्या शिक्षणाचा. तिथे बारावी लिहिलं तर सरांपुढे तुझं हसं होईल असं वाटलं. खरं म्हणजे माझं होईल असं वाटलं.

शेवटी लिहिलं. बारावी, आणि पुढे दुकानात नऊ वर्षं. स्वतःच्या कल्पना सुचतात का, याला दहापैकी तीन दिलेत. फुगून बसू नकोस, खरं तेच लिहायचं होतं. दुसऱ्याला पटवून देण्याची हातोटी, याला मात्र दहापैकी दहा. मला सहा वर्षांत जमलं नाही ते तू दोन तक्त्यांत केलंस. बाकीचेही गुण चांगले आहेत, तुझं वर्ष जात नाही.

तुमचा वर्ग चालू होता, म्हणून हाक मारली नाही. दाराच्या काचेतून पाहिलं. तू पेन चावत होतीस, अजून ती सवय गेली नाही. तुझ्या मागचा बाक रिकामा होता. मी त्याच्याकडेच बघत बसले असेन, कारण कुणाला शोधताय, असं शिपायाने दोनदा विचारलं म्हणे.

मग ऑफिसात गेले. त्या मान हलवणाऱ्या बाईंना सहज विचारलं, की प्रवेशाला वयाची अट असते का. त्यांनी यावेळीही मान हलवली, आणि अर्ज पुढे केला. बाबांना अजून बोलले नाही. ते तू ये आणि सांग, तक्ते घेऊन ये.

फॉर्मचा शेवटचा रकाना तोवर कोराच होता. या विद्यार्थिनीला पुन्हा कामावर घ्याल का, असा प्रश्न होता. तिथेच उभ्या उभ्या, बाईंच्या पेनने लिहिलं, की हो, दर वर्षी चार महिने, मी वर्गात असेन तेव्हा.

लोभ होताच, आता लिहून देते.

तुझी,
ताई