मुकादमाच्या वाट्याचा बर्फ

एल होकोते,
मार्चचा दुसरा रविवार

लेओन्सियो दादास,

आमचं बरं चाललंय. आंबा यंदा लवकर उतरला, कोंबड्या अंड्यांवर बसल्यात.

काल मारुहा वहिनी ओसरीत बसून रडून गेली. तू जेवत नाहीस, भिंतीकडे तोंड करून पडतोस, डायलिसिसला नाही म्हणतोस. "किडनीवाल्यांचं मंडळ तुम्हीच चालवता ना, एर्सिलियाताई? तुमचं ऐकतील ते."

मी तिला कॉफी दिली आणि आत जाऊन हसले. खोटं कशाला लिहू?

तुला आठवतं? उसाच्या फडात माझा कतालिनो कोयता टाकून पाण्याच्या पिंपाकडे निघाला होता. मी डबा घेऊन बांधावर उभी. मुकादम तू, अख्ख्या टोळीसमोर ओरडलास, "काय रे, बाळंतीण का तू? घडीघडीला पाणी!" सगळे हसले. तो मागे फिरला. पुन्हा कधी तुझ्यादेखत पिंपाकडे गेला नाही.

तेही मी गिळलं असतं. पण तो गेल्यावर नऊ दिवसांच्या प्रार्थनेतल्या नवव्या संध्याकाळी, प्रार्थना संपून केळीच्या पानात उकडलेले नाकातामाल वाटत होते तेव्हा, तू सगळ्यांना सांगितलंस, "दारूनं किडन्या खाल्ल्या बिचाऱ्याच्या." तो थेंबाला शिवत नव्हता, दादा. साखर कारखान्याकडे कुणी बोट दाखवू नये म्हणून तू माझ्या नवऱ्याला दारुडा करून पुरलंस.

म्हणून तू मरायचं नाहीस. मेलास तर नवव्या संध्याकाळी लोक तुझ्याबद्दल चांगलंच बोलतील आणि मला मान खाली घालून ऐकावं लागेल. ते मी होऊ देणार नाही. गोठ्यामागची तणनाशकाची बाटली वहिनीनं माझ्याकडे आणून दिलीय. शोधू नकोस.

डायलिसिस सुरू कर. गुरुवारी शाळेमागच्या चिंचेखाली मंडळ भरतं, तिथं ये. रक्ताच्या तपासणीत किडनी बिघडलेली निघाली म्हणून तू टोळीतून हाकललेला पोन्सियानो तिथं असतो. पहिल्या दिवशी तो प्रत्येक नव्या माणसाचा हात धरून बसतो. तुझाही धरणार म्हणतो. मी नको म्हटलं, ऐकत नाही. तोवर रोज संध्याकाळी तुझ्याकडे येऊन बसेल. त्याला शिव्या घाल हवं तर, पण हाकलू नकोस.

आमच्यात नवा माणूस आधी सांगतो, आपण कुणाशेजारी ऊस तोडला. तू सांगायचंस, कुणाला पाणी पिऊ दिलं नाहीस. मग कतालिनोचं नाव घ्यायचंस, आणि दारूचं खोटं होतं हे मोठ्यानं म्हणायचंस.

आमच्या डायलिसिसवाल्यांना पाणी बेतानंच, म्हणून शेवटी बर्फाचा एकेक खडा मिळतो. वाटते मी. तुझी पाळी सगळ्यांच्या शेवटी. जीभ टाळूला चिकटेल. चिकटू दे. खडा मात्र तुझ्यासाठी राखलेला असेल.

गुरुवारी तुला जिवंत बघायला टपलेली,
कतालिनोची बायको,
आणि त्याच्या नावावरचा डाग तू धुतलास तर
तुझी बहीणही,
एर्सिलिया